कवळीमावशीचा मुंगीसिंह

माझ्या मावशीला माणूस आधी दातांवरून कळतो. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तर नाव आठवायला तिला वेळ लागतो. पण त्याची वरची उजवीकडची दाढ कुणी बसवली आणि ती आता एका बाजूनं का झिजली आहे, हे ती चालता चालता सांगते. गल्लीत तिला सगळे कवळीमावशी म्हणतात. तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा मावशीच म्हणतात. त्यातल्या निम्म्यांच्या तोंडात तिच्या हातचं काम आहे, तेव्हा तोंड सांभाळून बोलावं लागतं, असं काकांचं म्हणणं. काका म्हणजे मावशीचे यजमान. ते बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसतात आणि घरीही कुठल्याही प्रश्नाला खिडकीतून दिल्यासारखं उत्तर देतात.

मावशीनं ऐन उमेदीची वर्षं एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत काढली. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे घेत आणि मागे मावशी त्या ठशांवरून कवळ्या करी. खिडकीखाली एक लांब टेबल होतं. त्यावर प्लास्टरची पांढरी पूड कायमची वस्तीला आलेली. मेण वितळवायचा छोटा दिवा, बारीक सुऱ्या, घासायचं चाक, आणि वरचा-खालचा जबडा अडकवून उघडझाप करून बघायचं एक बिजागरीचं यंत्र. लहानपणी आईबरोबर तिथे गेलं की मी दाराशीच थांबायची. कपाटात प्लास्टरचे जबडे रांगेनं ठेवलेले असत, आणि सगळे एकदमच काहीतरी सांगायला निघालेत असं वाटायचं.

कवळी नीट झाली की नाही हे मावशी डोळ्यांनी ठरवत नसे. डोळे झिलईला भुलतात, असं ती म्हणायची. ती कापसाचा हलका पुंजका घ्यायची आणि कवळीच्या प्रत्येक वळणावरून, आतून-बाहेरून, फुंकर घातल्यासारखा फिरवायची. कुठे एक जरी तंतू अडकला तर तिथे खरखर आहे, तिथे उद्या कुणाची तरी हिरडी सोलली जाणार. मग पुन्हा चाक, पुन्हा झिलई, पुन्हा कापूस. कापूस कुठेही न अडखळता सरकला की ती दिवा बारीक करायची. मावशीची कवळी टोचते अशी तक्रार घेऊन कुणी परत आलं, असं आमच्या ऐकिवात नाही.

मग डॉक्टरांच्या मुलानं नवं मशीन आणलं. तोंडात एक छोटा कॅमेरा फिरवायचा, आणि बाजूच्या पेटीत दात आपोआप कोरून तयार. मावशीनं पहिली कवळी हातात घेतली, कापूस फिरवला आणि म्हणाली, चांगली आहे. तिला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, असं आई नंतर म्हणाली. डॉक्टरांनी तिला निरोप दिला तेव्हा त्यांचेच डोळे भरून आले होते. मावशीनं आपल्या सुऱ्या, दिवा आणि बिजागरीचं यंत्र पिशवीत भरलं आणि घरी आली.

रिकाम्या हातांनी तिनं घर घासायला घेतलं. ओट्याचा काठ, खुर्च्यांचे हात, काकांच्या चष्म्याची दांडी, दाराची कडी. जे सापडेल ते गुळगुळीत होऊ लागलं. काका म्हणाले, "आता माझीच पाळी. एखाद्या सकाळी उठेन तर मला झिलई झालेली असेल." मावशी हसली नाही. ती हल्ली हात मांडीवर ठेवून बसायची, आणि ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघायची. आईला तेच बघवत नसे. बहिणीचं दुखणं कुठल्याही डॉक्टरला सांगता येण्यासारखं नव्हतं. तिचं काही दुखत नव्हतं, फक्त हातांना काम नव्हतं.

अशात संग्रहालयातले कीटक विभागाचे सर तिच्याकडे आले. त्यांची वरची कवळी मावशीनंच केलेली होती, ती आता सैल झाली होती, आणि दुसऱ्या कुणाकडे जायला त्यांचं मन होत नव्हतं. मावशीनं ती खिडकीपाशी नेऊन बघितली, आतून मऊ थर दिला, आणि तो सुकेपर्यंत सर बिनदाताचे बोलत बसले. संग्रहालयात एक खोली करायची आहे, ते सांगत होते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. किडे खूप मोठे करून टेबलावर ठेवायचे, हात लावून बघायचे, आणि हातानंच ओळखायचे. समितीतल्या काही जणांना हे पटत नव्हतं. भिंतीला कर्णे लावा आणि माहिती ऐकवा, ते सोपं, असं त्यांचं मत. शेवटी असं ठरलं होतं की एक प्रतिकृती करून बघायची. पारखायला न दिसणारी माणसं बोलवायची. त्यांना ओळखता आलं तर खोली आणि तिच्यातलं सगळं काम. नाही तर कर्णे.

"करणार कोण?" मावशीनं विचारलं.

सरांनी कवळी तोंडात घातली, जीभ फिरवून बघितली, आणि म्हणाले, "ते विचारायलाच आलोय, ताई. कवळीचं निमित्त होतं."

पहिला किडा सरांनी आधीच निवडला होता. दुसऱ्या दिवशी ते मावशीला संग्रहालयाच्या सायकल शेडमध्ये घेऊन गेले, मीही बरोबर होते. पत्र्याखाली, जिथे वर्षानुवर्षं पाणी पोचलेलं नव्हतं, तिथली माती पिठासारखी झाली होती. तिच्यात नाण्याएवढे खड्डे होते, तेलाच्या नरसाळ्यासारखे, वर रुंद आणि खाली निमुळते. सरांनी एक मुंगी गवताच्या काडीवरून खाली सोडली. ती चढायला गेली, माती घसरली, पुन्हा गेली, पुन्हा घसरली. तेवढ्यात तळातून मातीचा फवारा उडाला, मुंगी खाली गडगडली, आणि कुणीतरी तिला आत ओढून घेतलं. खड्ड्यात काहीच घडलं नाही असं दिसू लागलं.

"मुंगीसिंह," सर म्हणाले. "हा अजून लहान आहे. मोठा झाला की ह्याला पंख फुटतात. पण खरा पराक्रम लहानपणीचा."

त्यांनी चमच्यानं तळाची माती उचलली आणि कागदावर चाळली. जे उरलं ते मातीचंच ढेकूळ वाटत होतं. मग ते ढेकूळ मागे सरकलं. मावशीनं दात बघायचं भिंग डोळ्याला लावलं आणि ती कागदावर ओणवी झाली.

सरांनी ओळखायच्या खुणा सांगितल्या. रंग सोडून द्यायचा, तो खोलीत कामाचा नाही. डोकं चपटं, चौकोनाकडे झुकणारं, बारीक मानेवर बसवलेलं. त्यापुढे दोन जबडे, विळ्यासारखे वाकलेले, वर-खाली नव्हे तर आडवे मिटणारे. प्रत्येक विळ्याच्या आतल्या कडेला तीन दात. मग छाती, आणि तिच्यामागे एकदम फुगलेलं, शेंड्याला निमुळतं होत जाणारं पोट. पाय सहा, पुढचे चार सडपातळ, मागचे दोन आखूड, दणकट आणि अंगाला चिकटवून दुमडलेले. अंगभर राठ केस. ह्याची एक चुलत बहीण आहे, पानांवरचे माव्याचे बारीक किडे खात फिरणारी अळी. तिचे जबडेही विळ्यासारखेच, पण त्यांना दात नाहीत, आणि तिचं अंग लांबट. दोघांत गल्लत होऊ नये हीच परीक्षा.

"ह्याचा चावा कसा जुळवतात?" मावशीनं विचारलं.

सर म्हणाले की हा चावतच नाही. जबडे आतून पोकळ असतात. भोसकायचं आणि शोषायचं. मावशीनं मान हलवली. बिनचाव्याचा जबडा तिच्या हातून आजवर कधी गेला नव्हता.

त्यातला एक मुंगीसिंह मातीसकट डब्यात घालून ती घरी घेऊन आली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याची सोय झाली. काकांनी विचारलं की पाहुणे किती दिवस राहणार. माणसाला चहा वेळेवर मिळायची मारामार आणि किड्याला मुंग्या मात्र ताज्या, असंही ते बोलले. पण साखर सांडून मुंग्या जमवायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. हा किडा पंख फुटेपर्यंत शौचाला जात नाही, ही सरांनी दिलेली माहिती त्यांना फारच पटली. "म्हणून एवढा तापट," ते म्हणाले. "आमच्या डेपो मॅनेजरचंही तपासून घ्यायला हवं."

मावशी पुन्हा कामाला लागली. जेवणाच्या टेबलावर प्लास्टरची पूड बसली आणि आईनं ती पुसू नको म्हणून मला दटावलं. मेणाचा किडा आधी मुठीएवढा झाला, मग उशीएवढा, आणि शेवटी त्यावरून कवळीच्या कडक मालात ओतला गेला. एकेक जबडा हाताच्या पंजाएवढा लांब. मावशीनं भिंग लावून एकेक खूण तपासली. तीन दात डावीकडे, तीन उजवीकडे. सहा पाय. मानेची खाच. केस तिनं नवीन ब्रशांचे काढले आणि तापल्या सुईनं एकेक करून अंगात रोवले. शेवटी, सवयीप्रमाणे, तिनं कापूस घेतला. तो जबड्यावर अडला तिथे तिनं चाक फिरवलं. केसांत अडकला तेव्हा तिनं केस गरम वाफेवर धरून मागच्या बाजूला वळवले, म्हणजे डोक्याकडून शेपटाकडे हात नेला की ते मांजराच्या पाठीसारखे बसत. कापूस सरकू लागला. मावशीनं दिवा बारीक केला.

पारखायला दोघं आली होती. एक अंधशाळेतल्या गाण्याच्या बाई, आता निवृत्त, पण खोलीत आल्याबरोबर सगळ्यांनी नीट उभं राहावं अशा. दुसरे एका मोठ्या कचेरीत टेलिफोन सांभाळणारे गृहस्थ. सरांनी तीन किड्यांच्या खुणा वाचून दाखवल्या: मुंगीसिंह, मावा खाणारी अळी आणि आणखी एक. मग गृहस्थांना बाहेर बसवून बाईंना टेबलापाशी आणलं. समितीचे दोन जण भिंतीला टेकून उभे होते. मावशी माझ्या शेजारी उभी होती आणि तिनं माझं मनगट धरलं होतं.

बाईंनी घाई केली नाही. हात डोक्यापासून मागे गेले, उचलून पुन्हा डोक्याशी आले, जबड्यांच्या आतून फिरले. काम फार सुबक आहे, त्या म्हणाल्या. लोण्यासारखं. मग म्हणाल्या, "ही मावा खाणारी अळी."

सरांनी विचारलं, नक्की?

"जबड्यांना उंचवटे आहेत थोडे, पण दात म्हणावेत असं काही लागलं नाही. अंग गुळगुळीत. पोट तेवढं मोठं आहे, पण पोटभर जेवली असेल."

भिंतीशी उभे असलेले हसले. वाईट हेतूनं नाही. वाक्यच तसं होतं. पण मावशीची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली. टेलिफोनवाल्या गृहस्थांनीही तेच सांगितलं, फक्त जेवणाचा भाग सोडून. समितीतला एक जण कर्ण्यांबद्दल काहीतरी पुटपुटला. सरांनी आणखी एक संधी मागितली आणि ती मिळाली, पण कशीबशी.

निघताना बाईंनी मावशीचा हात शोधून धरला. मला वाटलं त्या समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "रागावू नका. मला हे हवंय म्हणून मी खरं बोलले. ऐकायला मला जन्मभर खूप मिळालं. हात लावू देत नाही कुणी कशाला." मग मावशीचा तळवा अंगठ्यानं चाचपून त्या हसल्या. "तुम्ही ह्याला फार मायेनं केलंय. तो तसा नसावा."

घरी आल्यावर मावशी पिशवी न उघडताच टेबलापाशी बसली. काकांनी चहा करून तिच्यासमोर ठेवला आणि चौकशीची खिडकी बंद ठेवली. थोड्या वेळानं ती उठली, डब्यापाशी गेली आणि चिमट्यानं मुंगीसिंहाला मातीतून उचलायला लागली. नेहमी ती खालून चमच्यानं काढायची. आज तिनं त्याच्या एका जबड्याला हलकेच धरून वर, पुढे ओढलं. तो येईना. एवढासा जीव, डाळीच्या दाण्याएवढा, आणि मातीला धरून बसलेला. तिनं सोडलं, आणि मागून चिमटा लावून शेपटाच्या दिशेनं सरकवलं. तो सहज निघाला.

तिनं त्याला पुन्हा मातीत जाऊ दिलं आणि पुन्हा तेच केलं. पुढे ओढलं की रुततो. मागे ढकललं की सुटतो. मग तिनं भिंग लावलं आणि मला हाक मारली. "बघ. केस बघ."

केस मागे वळलेले नव्हतेच. पोटावरचा प्रत्येक राठ केस पुढे, डोक्याच्या दिशेनं कललेला होता. मुंगी सुटायची धडपड करते तेव्हा ती त्याला खड्ड्यातून वर ओढत असते. त्या वेळी हेच केस मातीत खुंट्यांसारखे रुततात. मावशीनं हे भिंगातून पहिल्या दिवसापासून पाहिलेलं होतं. अंगात रोवतानाही ते तिनं पुढेच कललेले रोवले होते. आणि शेवटच्या दिवशी, कापूस अडतो म्हणून, तिच्या हातांनी ते उलटे फिरवले होते. दातांचंही तेच. तीन दात तिनं केले आणि तीनही तिनंच बोथट केले.

"ह्याची मी कवळी केली," ती म्हणाली. "तोंडात घालायला."

आणि मग ती हसायला लागली. दवाखाना सुटल्यापासून मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. काका आतून आले, काय झालं विचारायला, आणि कारण न कळताच तेही हसायला लागले.

तिनं प्रतिकृती पुसून, मोडून, पुन्हा सुरू केली. ह्या वेळी घाई नव्हती, पण एक अडचण होती. दात खरोखर टोकदार केले तर कुणाच्या बोटात घुसतील, आणि ते समितीला चालणार नव्हतं. बोथट केले तर पुन्हा अळी. मावशीनं त्यावर डोकं धरून बसायचं सोडून आपल्या पिशवीत हात घातला. ज्यांच्या हिरड्या फार नाजूक असतात त्यांच्या कवळीला आतून रबरासारखा मऊ थर देतात, सरांच्या कवळीला दिला होता तोच. तिनं दातांचे कणे कडक केले आणि टोकं त्या मऊ मालाची, सुईसारखी ओढलेली. बोट लागलं की टोक टोचतं, दाबलं की वाकतं. केस पुढे कललेले, दाट, आणि मुळाशी इतके पक्के की ओढून काढता येऊ नयेत. मागचे दुमडलेले पाय तिनं आधीपेक्षा जाड केले. अंगावर खरी चाळलेली माती डिंकात बसवली, सायकल शेडमधली.

शेवटी कापूस घेतलाच. पण आता तो जिथे अडायला हवा तिथे अडतो की नाही हे ती बघत होती. डोक्याकडून शेपटाकडे जाताना तो केसाकेसाला अडखळला, फाटला, त्याच्या बारीक लडी सगळ्या पोटभर लटकल्या. शेपटाकडून डोक्याकडे मात्र सरकला. काकांनी जबड्यात बोट घातलं आणि पटकन मागे घेतलं. टोचतंय की हे, ते म्हणाले. मावशी म्हणाली, "टोचू दे," आणि ते ती इतक्या आनंदानं म्हणाली की काकांनी दुसरं बोट घालून बघितलं.

दुसऱ्या पारखीला पुन्हा तीच दोघं आणि समितीचे तेच दोन जण. सरांनी पुन्हा तीन किड्यांच्या खुणा वाचल्या, आणि टेबलावर मागचाच किडा असेल असं धरू नका, असं बजावलं. ह्या वेळी टेलिफोनवाले गृहस्थ आधी आले. त्यांनी जबड्यांमध्ये बोटं घातली आणि हात झटकन मागे आला. त्यांनी तो पुन्हा पुढे केला, एका बाजूचे दात मोजले, दुसऱ्या बाजूचे मोजले, आणि मुंगीसिंह असं जाहीर करून टाकलं, फोन जोडून दिल्यासारखं. मावशीनं श्वास सोडला. पण ती बाईंची वाट पाहत होती.

बाई आल्या. त्यांनी आधी एकच बोट ठेवलं, डोक्यावर. चपटं, त्या पुटपुटल्या. मग बोट मानेच्या खाचेत उतरलं आणि पोटावर चढलं आणि तिथे अडलं. त्यांनी हात उचलला, शेपटाकडे नेला आणि तिथून पुढे आणला. मग पुन्हा उलटा. दोन्ही हात आता पोटावर होते आणि त्यांचा चेहरा गाणं ऐकताना व्हावा तसा बाजूला कलला होता. त्या हळूहळू खाली गेल्या, पायांपाशी. पुढचे चार त्यांनी सोडून दिले. मागच्या दोघांना धरून त्या बराच वेळ थांबल्या. शेवटी जबडे. दातांची टोकं त्यांनी एकेक करून बोटाच्या पेरावर घेतली, सावकाश, सहाही.

"मुंगीसिंह," त्या म्हणाल्या.

भिंतीशी कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलला. बाई थांबल्या नव्हत्या.

"आणि हा मागे चालतो."

सर हातातल्या कागदाकडे बघू लागले. त्यांनी कागद उलटवून बघितला. ते त्यांनी वाचलेलं नव्हतं. पहिल्या वेळी नाही आणि आजही नाही. चालायची पद्धत ही हाताला लागणारी खूण नव्हे, म्हणून त्यांनी ती लिहिलीच नव्हती.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"ह्यानंच," बाई म्हणाल्या. "हा पुढे जायला लागला तर अंगावरचा एकेक केस आडवा येईल. मातीत रुतेल. आणि मागचे पाय बघा ना कसे आहेत. पुढचे नुसते नावाला. जोर सगळा मागे. हा मागे मागेच जात असणार, मातीत शिरत. बरोबर?"

सरांनी हो म्हटलं, पण त्यांचा आवाज नीट निघाला नाही. कवळी सैल झाली असं कुणाला वाटलं असतं. मावशीनं एकदा त्यांच्या तोंडाकडे बघून खात्री केली. कवळी जागेवर होती.

कर्ण्यांची बाजू मांडणारे समितीचे गृहस्थ टेबलापाशी आले. त्यांनी डोळे मिटले आणि प्रतिकृतीवर हात ठेवला. बाईंनी त्यांचं मनगट धरून त्यांना शेपटाकडून सुरुवात करायला लावली, चुकीचा सूर लावणाऱ्या विद्यार्थ्याला वळवावं तशी. तिथून इथे. आता उलटं. कळलं? त्यांना कळलं. खोली होणार हे तिथेच ठरलं, आणि खोलीत पहिल्या वर्षी जेवढे किडे ठेवायचे होते ते सगळे मावशीकडे आले. सरांनी विचारलं की कामाला जागा कशी लागेल. मावशी म्हणाली की लांब टेबल, खिडकीखाली, आणि पूड बसली तर कुणी पुसायची नाही.

पारख संपली होती, पण बाई टेबलापासून हलत नव्हत्या. टेलिफोनवाले गृहस्थही परत आले होते आणि दोघांचे हात मुंगीसिंहावर एकमेकांना चुकवत फिरत होते. गृहस्थांना पाय हवे होते, बाई पोट सोडत नव्हत्या. मावशी समोर उभी राहून त्या चार हातांकडे बघत होती. ते बघताना तिचे स्वतःचे हात शांत होते.

"ह्याला पुढे पंख फुटतात म्हणालात ना?" बाईंनी सरांना विचारलं. "ते कसे असतात?"

सर सांगू लागले. लांब, अंगाहून लांब. चार. बारीक शिरांचं जाळं, त्यात नुसतं पातळ पापुद्र्यासारखं काहीतरी ताणलेलं. बसला की घराच्या छपरासारखे मिटतात.

"मग ते केव्हा मिळणार?" हा प्रश्न सरांना नव्हता. बाईंनी चेहरा मावशीच्या दिशेनं वळवला होता.

मावशीनं सरांना विचारलं की पापुद्रा किती पातळ. कागदापेक्षा, ते म्हणाले. इतकं पातळ काही तिनं आजवर केलेलं नव्हतं. तिनं हवेत अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, मग आणखी जवळ, आणि त्या फटीतून खिडकीकडे बघितलं.

"इतक्या हातांत मोडतील ते," सर म्हणाले.

"मोडू देत," मावशी म्हणाली. "मी आहे ना. पुन्हा करीन."